दुसरं टोक धरायला

२७ नोव्हेंबर, गुरुवार

चि. टिल्लूस,

ताईचे आशीर्वाद. हे सवयीने लिहिले गेले आहेत, त्यावरून काही अंदाज बांधू नकोस. तुझं ब्लडप्रेशर ठीक असेल. माझं नाही, आणि त्याचं कारण खाली देते.

रविवार, ९ नोव्हेंबर रोजी दुपारी दोन वाजून वीस मिनिटांनी, माझ्या बाहेरच्या खोलीत, जेवणानंतर हात पुसता पुसता तू भिंतीवरच्या खुंट्यांवरून धनुष्य काढलंस. तुझ्या भावोजींनी स्वतःच्या हाताने माझ्यासाठी केलेलं धनुष्य. कुणाला न विचारता त्याला दोरी चढवलीस. "बघ गं, अजून ओढता येतं मला," असं बायकोला म्हणालास, कानापर्यंत ओढलंस आणि बाण न लावता सोडून दिलंस.

वेळ मला नेमकी ठाऊक आहे, कारण मी तेव्हा घड्याळाकडे बघत होते.

तक्रारीचं पत्र कसं लिहावं हे आम्हाला कॉन्व्हेंट शाळेत सिस्टरांनी शिकवलं होतं. आधी कधी, मग कुठे, मग काय, आणि विशेषणं शेवटी, जागा उरली तर. पुढे पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात तक्रार विभागात बसून मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या तक्रारी वाचल्या, तेव्हा कळलं की सिस्टरांचं म्हणणं कुणीच ऐकलेलं नाही. लोक विशेषणांपासूनच सुरुवात करतात. मी केलेली नाही, याची नोंद घे. विशेषणं माझ्याकडे पुष्कळ आहेत. अठरा दिवस तीच गोळा करते आहे.

काय घडलं ते तुला कळलेलंच नाही अशी माझी खात्री आहे, म्हणून सांगते. ओढलेल्या धनुष्यातली सगळी ताकद बाण घेऊन जातो. बाण नसला की तिला जायला जागा नसते आणि ती उलटी लाकडात शिरते. हे तुला भावोजींनी निदान दहा वेळा सांगितलं होतं. "टिल्लू, रिकामं कधी सोडायचं नाही. कुणाच्या कानाखाली वाजवायची असेल तर वाजव, पण रिकामं सोडू नकोस." तू हसायचास. त्या दिवशीही हसलास. फट्ट असा आवाज झाला, वरच्या बाजूची एक पट्टी सुटून उभी राहिली, आणि तू आधी हसलास. मग माझं तोंड बघून म्हणालास, "जाऊ दे ना ताई, लाकूडच तर आहे. दुसरं घेऊ."

दुसरं घेऊ.

त्यावर मी जे बोलले ते मला पाठ आहे आणि तुलाही असेल. माझ्या घरात पुन्हा पाऊल टाकू नकोस, असं मी म्हणाले. ते मी मागे घेत नाही. पण मला एक सांग, बासष्ट वर्षांत तू माझं काय ऐकलंस? झाडावर चढू नकोस म्हटलं तर चढलास. ती नोकरी सोडू नकोस म्हटलं तर सोडलीस. मिशी ठेवू नकोस म्हटलं, ती अजून आहे. आणि ऐकायला तुला नेमकं हेच वाक्य सापडलं?

चार दिवसांनी तू माझ्या फोनवर एका दुकानातल्या धनुष्याचं चित्र पाठवलंस. काळं, चकचकीत, एखाद्या रेल्वेच्या सुट्या भागासारखं. खाली लिहिलंस, "हे चालेल का?" आणि एक अंगठा. मी उत्तर दिलं नाही. त्यानंतर तूही काही पाठवलं नाहीस. अंगठासुद्धा नाही.

आता बातम्या. माझी तब्येत बरी आहे. गुडघा आहे तसा आहे. समोरच्या घरातले गृहस्थ, ज्यांना आपण कर्नल म्हणतो आणि ज्यांनी आयुष्यात छत्रीखेरीज काही हातात धरलेलं नाही, त्यांनी परवा मला रस्त्यात थांबवलं. म्हणाले, "हल्ली सकाळचा तो ठक् ठक् आवाज येत नाही. बरं आहे ना?" मी म्हटलं, "तुम्हीच तर त्या आवाजाची तक्रार केली होतीत." ते म्हणाले, "हो, पण मी त्यावर उठायचो." बघ म्हणजे. माणसाला एकदा त्रासाची सवय लागली की तो घड्याळ विकत घेत नाही.

तो आवाज कसला हे तुला माहीत नाही. एप्रिलमध्ये भावोजी गेल्यानंतर मी रोज सकाळी मागच्या अंगणात बाण मारते. मारायचे. त्यांनी गवताचं जे लक्ष्य बांधून ठेवलं होतं त्यावर, बारा पावलांवरून. तू हसशील. आयुष्यभर मी त्यांच्या पट्ट्यांची टोकं धरली, भुसा झाडला, गोंदाचे डाग काढले, पण धनुष्य म्हणून हातात घेतलं नव्हतं. त्यांची सगळी धनुष्यं दांडग्या गड्यांसाठी असायची. हे एकच हलकं केलं, माझ्या खांद्याला झेपेल असं. वाढदिवस नव्हता, काही नव्हतं. फेब्रुवारीत एक दिवस टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "तुझ्या जिभेला काही करता येत नाही, निदान हाताला तरी नेम शिकव." मी म्हटलं, माझ्या जिभेचा नेम आजवर चुकलेला नाही. ते म्हणाले, "तेच म्हणतोय."

उठायचं, दोरी चढवायची, सहा बाण मारायचे, जाऊन काढायचे, परत यायचं. पहिल्या महिन्यात निम्मे बाण भिंतीला लागायचे. आता नाही. ओढताना मूठ तळहातात बसते ना, ती माझ्या तळहाताच्या मापाने घासलेली आहे. त्यासाठी त्यांनी कधी माप घेतलं मला आठवत नाही. असो. आता सकाळी मी सहाला उठते आणि सातपर्यंत काय करायचं ते मला कळत नाही. चहा तरी किती वेळ प्यायचा?

दुरुस्तीचं म्हणशील तर मी आधी बाजारपेठेतल्या फर्निचरवाल्याकडे गेले. त्याने धनुष्य उलटंसुलटं केलं, डोळ्यांसमोर धरून एक डोळा मिटला आणि म्हणाला, "बाई, हे आता शोभेला लावा भिंतीवर. खिळा हवा तर मी देतो."

मी म्हटलं, "नवरा आधीच लावलाय भिंतीवर. त्याचं कामही टांगू?"

"तसं नाही हो बाई. जोडून देईन, पण ओढलंत आणि डोळ्यात उडालं तर माझ्या नावाने ओरडाल."

"मी न उडताच ओरडते. माहिती आहे सगळ्यांना."

तो हसला, पण हात लावला नाही. चूक नव्हती त्याची. खुर्ची आणि धनुष्य यांत फरक आहे. खुर्चीने वाकायचं नसतं.

म्हणून मीच करायचं ठरवलं. काम मला माहीत आहे. इतकी वर्षं शेजारी उभी होते. मागच्या खोलीचं कुलूप एप्रिलनंतर पहिल्यांदा काढलं. सगळं जागच्या जागी आहे. रंधा, कानस, भिंतीवरचा लाकडी साचा. स्टुलावर त्यांचा चष्मा होता, जो आपण सगळ्यांनी मिळून दवाखान्यात शोधला होता. तो मी पुसला आणि परत तिथेच ठेवला. मग खिडकी उघडली आणि कामाला लागले.

धनुष्य पाच थरांचं आहे. पाठीला बांबूची पट्टी, पोटाला गडद लाकूड, मध्ये तीन पातळ फिकट पट्ट्या, सगळं गोंदाने एकमेकांना धरून. वरच्या टोकाखाली बांबू सुटला आहे, माझ्या वीतभर. पट्ट्या तुटलेल्या नाहीत, नशीब. अशा वेळी फटीत पॉलिश पेपरची पट्टी घालून जुना गोंद खरवडायचा, फुंकून भुसा काढायचा, नवा गोंद आत सारायचा आणि वरून सायकलच्या ट्यूबची रबरी फीत करकचून गुंडाळायची, एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत. लाकूड आवळायच्या शिकंज्यांपेक्षा ट्यूब बरी, ती वळणावरही सारखी दाबते.

ट्यूब आणायला कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडे गेले.

"मावशी, सायकल कुठाय?"

"सायकल नाही. ट्यूब द्या."

"कुठल्या साइजची?"

"लांब. पंक्चर झालेली."

"पंक्चर झालेली? विकत?"

"फुकट देणार असाल तर फुकट."

त्याने दिली. मी वळल्यावर आत कुणाला तरी म्हणाला, "एकटं राहून राहून होतं असं." माझे कान चांगले आहेत. परत फिरून त्याला सुनावणार होते, पण मग गेले नाही. का गेले नाही कुणास ठाऊक.

आता मुद्द्यावर येते. इथपर्यंत जे लिहिलं ते मी त्याच आठवड्यात लिहून टाकू शकले असते. हे पुढचं मला सोमवारी कळलं, आणि तेव्हापासून हे पत्र तीनदा फाडलं.

मी फट टॉर्च लावून पाहिली, भिंगातून पाहिली. भावोजी नवा गोंद आणला की आधी दोन तुकडे चिकटवून ते मुद्दाम तोडायचे आणि मला दाखवायचे. म्हणायचे, "चांगला जोड सुटत नाही, फाटतो. सोबत लाकूड घेऊन फाटतो." दोन्ही बाजूंना लाकडाची तुसं दिसली पाहिजेत. रिकामं धनुष्य सोडल्यामुळे हा जोड गेला असता, तर तो असाच फाटला असता.

तसं नाही. आतून तो गुळगुळीत आहे. गोंद बांबूला चिकटून काचेसारखा चमकतो आणि समोरचं लाकूड कोरं. त्याने लाकूड धरलंच नव्हतं. गोंद सुकायच्या आत फीत घट्ट गुंडाळली नाही, तर असं होतं. मुठीकडून गुंडाळायला सुरुवात केली असणार. तिकडचं सगळं ठणठणीत आहे. टोकाकडे येईपर्यंत उशीर झाला. म्हणजे गुंडाळणारा हात हळू चालत होता. किंवा थांबत होता. किंवा कापत होता.

ज्या माणसाने कधी जोड चुकवला नाही, त्याचा हा जोड आहे.

हे धनुष्य होतं तसं माझ्याकडे राहिलं असतं, तरी एक ना एक दिवस तिथेच सुटलं असतं. कदाचित माझ्या हातात, सकाळी, एकटी असताना. याचा अर्थ तू निर्दोष आहेस असा काढू नकोस. तू गाढव आहेस. पण ते धनुष्य तू मोडलं नाहीस, फक्त उघडलंस.

आता मला आठवू लागलं. प्रत्येक धनुष्याला थर चिकटवायची वेळ आली की ते मला हाक मारायचे. "ये गं, दुसरं टोक धर." एकट्याने ते होत नाही, एकाने थर सरकू न देता धरायचे आणि एकाने गुंडाळायचं. या धनुष्याला मला हाक आली नाही. माझ्यासाठी आहे म्हणून लपवलं असेल, असं मी धरून चालले. पण मग टोक कुणी धरलं?

जानेवारीतला तो रविवार. तुम्ही दोघं जेवून मागच्या खोलीत गेलात आणि दार आतून लावलंत. मला वाटलं पत्ते. तुझी बायको आणि मी बाहेर बसलो होतो. अंधार पडायला आला तेव्हा तुम्ही बाहेर आलात आणि तुझ्या नव्या शर्टाच्या बाहीला गोंद लागला होता म्हणून ती तुला किती बोलली. मी तिला सामील झाले. तू एरवी उलट बोलतोस. त्या दिवशी गप्प होतास. रात्री जेवायलाही थांबला नाहीस.

तू होतास टोक धरायला. आणि समोर त्यांचे हात काय करत होते ते तू पाहिलंस.

त्यांच्या आजाराचं मला मार्चमध्ये सांगण्यात आलं. डॉक्टरांनी सांगितलं, तेही मी विचारल्यावर. मधले दोन महिने ते कप सांडायचे, बटणं तशीच सोडायचे, किल्ली कुलपात बसायची नाही, आणि मी काय करत होते ठाऊक आहे? मी बोलत होते. "लक्ष कुठे असतं तुमचं? हा सेटमधला शेवटचा कप होता." माझी जीभ तुला माहीत आहे. ते ऐकून घ्यायचे आणि हसायचे. मला माहीत असतं तर मी त्यांना स्टीलचा पेला दिला असता आणि गप्प बसले असते. गप्प बसले नसते कदाचित, पण कमी बोलले असते. ते दोन महिने तुम्ही दोघांनी मिळून माझ्याकडून घेतलेत. ९ नोव्हेंबरची तक्रार मी मागे घेते. ही खरी तक्रार आहे.

त्यांनी तुला शपथ घातली असणार. "ताईला सांगू नकोस." घालणारच. आणि तुला, जन्मात एक गोष्ट पोटात न ठेवणाऱ्याला, हीच एक तेवढी ठेवता आली.

पण टिल्लू, शपथ ज्याने घातली तो आता नाही. मग तू कुणासाठी पाळतो आहेस?

मी काय केलं ते सांगते. मंगळवारी मी गोंद न लावता एकटीने गुंडाळून पाहिलं, नुसता सराव म्हणून. धनुष्याचं एक टोक टेबलाच्या शिकंज्यात अडकवलं, दुसरं काखेत धरलं, फीत दातांत. पट्ट्या सरकल्या. मग गुडघ्याखाली दाबून पाहिलं. फीत सुटून गालावर बसली, अजून वळ आहे. मग दोरीने दाराच्या कडीला बांधलं, तर दारच बंद झालं. तीन दिवस झाले. त्यांनी त्या दिवशी तुला का बोलावलं ते आता मला माझ्याच हातांवरून नीट कळलं. त्या खोलीत खाली बसले आणि मोठ्याने म्हणाले, "या हो, दुसरं टोक धरा." कुणी ऐकलं असतं तर सायकलवाल्याचं म्हणणं खरं ठरलं असतं. कुणी ऐकलं नाही, तीच तर पंचाईत आहे.

त्या रविवारी घड्याळाकडे मी का बघत होते ते सांगून टाकते. तुझी बायको आल्या आल्या म्हणाली होती, चारला निघायचंय. मी बघत होते की तुम्ही अजून किती वेळ आहात. एक तास चाळीस मिनिटं होती. ती तू वाया घालवलीस.

माझ्याकडे त्यांच्या जेवढ्या आठवणी आहेत त्या सगळ्या वापरून झाल्या आहेत. सकाळी बाण मारताना एक काढायची, संध्याकाळी भांडी घासताना एक. आता त्याच त्याच येतात. पुढचं वाक्य मला आधीच माहीत असतं. एक दुपार मात्र अशी आहे की जी माझ्याकडे नाही आणि तुझ्याकडे आहे. दार आतून लावलेली. त्यात ते काहीतरी बोलले असतील, तुझ्यावर ओरडले असतील, काही विनोद केला असेल. हात ऐकेना तेव्हा काय म्हणाले? रडले का? तू रडलास का? माझ्याबद्दल काही म्हणाले का? चांगलं नसलं तरी चालेल.

ते मला हवं आहे. फोनवर नको. फोनवर तू विषय बदलतोस आणि मी ओरडते, आणि मग हवामानावर बोलून आपण ठेवून देतो. मला लेखी हवं. तू शाळेत निबंधाला दोन ओळी लिहून उठायचास. या वेळी उठायचं नाही. दार लावलंत तिथून सुरुवात कर आणि दार उघडलंत तिथे थांब. मधलं सगळं लिही. शुद्धलेखन मी तपासणार नाही.

दुसरं असं की हा गोंद खोली उबदार असेल तरच नीट धरतो. थंडी वाढायला लागली आहे. आणखी उशीर झाला तर मार्चपर्यंत थांबावं लागेल, आणि मार्चपर्यंत सकाळच्या सहाचं मी काय करू? मी फट साफ करून ठेवली आहे, फिती कापून ठेवल्या आहेत, खोलीत हीटर आणला आहे. एक जण कमी आहे. तू गुंडाळायचं नाहीस, गुंडाळीन मी. तू फक्त धर. धरताना बोलायचं नाही, हलायचं नाही आणि शिंक आली तर गिळायची. तुझ्या बायकोलाही आण, ती बाहेर बसून तुझ्याबद्दल बोलेल आणि मी आतून हुंकार देईन. माझ्या घरात पाऊल टाकण्याबद्दल मी जे बोलले ते मागच्या खोलीला लागू नाही. मागच्या दाराने ये.

तेव्हा तुला कळवण्यात येतं की वरील दोन्ही बाबींचं, म्हणजे त्या दुपारी काय झालं याचं आणि तू कधी येतोस याचं, सविस्तर लेखी उत्तर शनिवार, १३ डिसेंबर, संध्याकाळी पाच वाजेपर्यंत माझ्या हातात पडलं पाहिजे. पोस्टाने पाठव, नाहीतर स्वतः घेऊन ये. अंगठा उत्तर म्हणून धरला जाणार नाही. मुदतीनंतर आलेलं पत्र मी उघडणार नाही. म्हणजे उघडीन, वाचीनही, पण तुला तसं कधी कळू देणार नाही.

तुझी,
अजून तुझीच,
ताई